डिफरन्शियलचं तेल

त्या सोमवारी आम्ही धंतोलीत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ह्यांना हात मांडीवर ठेवायला सांगितलं. अंगठा हलत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, चिठ्ठी लिहिली, आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

घरी आल्यावर ह्यांनी कपडे बदलले, चहा घेतला आणि अंगणातल्या टेबलाशी गाडी घेऊन बसले. मी म्हटलं, "आज राहू द्या." हे म्हणाले, "आजच पाहू दे. अंगठा हलतो म्हणजे गाडी किती हलते, ते तरी कळेल."

गाडी म्हणजे खेळण्यातली म्हणता येईल अशी, पण तिला खेळणं म्हटलेलं ह्यांना आवडत नसे. हातभर लांब, बॅटरीवर धावणारी, मातीत आणि खाचखळग्यांत चालावी म्हणून मोठ्या दातेरी चाकांची. लांब उभं राहून ती रेडिओने चालवायची. हातातल्या डब्याला दोन काड्या. डाव्या अंगठ्याने वेग, उजव्या अंगठ्याने वळण. ह्यांचा मामेभाऊ मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. त्याने ती सुट्या भागांत आणून दिली होती, सोबत इंग्रजी पुस्तिका. हे कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते आणि मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तिका मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि ह्यांनी जोडायचं, असं करत एका पावसाळ्यात ती गाडी उभी राहिली. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता तो. नागपुरात तशा गाड्या किती असतील? आम्हाला सहा ठाऊक होत्या.

त्या सहा गाड्या आणि त्यांच्यामागची आठ माणसं दर रविवारी सकाळी उमरेड रोडला, शहर संपतं तिथे, एका बंद पडलेल्या वीटभट्टीवर जमत. माती निघून गेल्यामुळे जमिनीला आपोआप चढउतार झाले होते. अर्ध्या विटा मांडून वळणं आखलेली होती. मी रचलेल्या विटांच्या ढिगावर पुस्तक घेऊन बसत असे. त्या आठांत एक काटोलचे संत्र्यांचे व्यापारी होते. ते जीपने येत आणि त्यांची गाडी संत्र्याच्या पेटीत, गवतात गुंडाळलेली असे. जीपचं बॉनेट उघडून तिच्या बॅटरीवर सगळ्यांच्या बॅटऱ्या चार्ज होत, त्यामुळे ते यायच्या आधी कोणाचं काही सुरू होत नसे. दुसरे होते एक मिस्त्री. रोडवरच त्यांचं ट्रकदुरुस्तीचं दुकान होतं. बाकीच्यांविषयी इथे सांगण्यासारखं फार नाही. चांगली माणसं होती.

त्या सोमवारी अंगणात ह्यांनी गाडी सोडली. पातळ आवाज करत ती कुंपणापर्यंत गेली आणि जाताना डावी-उजवीकडे थरथरत गेली, जशी शेपटी हलवत जावी. ह्यांनी ती परत आणली. पुन्हा सोडली. मग डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "अंगठ्याचं काही करता येणार नाही. गाडीचं येईल."

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वर्षातली एकच खरी शर्यत व्हायची. बाकीचे रविवार नुसता सराव. शर्यत पाच मिनिटांची, तेवढ्यात ज्याच्या फेऱ्या जास्त तो पहिला. नियम दोनच. गाडी उलटली तर जवळच्याने सरळ करून द्यावी, आणि हातातला डबा खाली ठेवला किंवा दुसऱ्याला दिला की तो माणूस बाद. आदल्या दोन वर्षी हे दुसरे आणि तिसरे आले होते. आता ह्यांना नंबर नको होता. ती पाच मिनिटं आपल्या हाताने पुरी करायची, एवढंच ह्यांनी ठरवलं होतं. मला ते ह्यांनी एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, आणि पुन्हा बोलले नाहीत. नोव्हेंबर चालू होता. हातात तीन महिने होते.

गाडी थरथरू नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर डिफरन्शियलमध्ये होतं. ट्रकला जे असतं तेच या गाडीलाही असतं, फक्त आवळ्याएवढं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघं वेगवेगळ्या गतीने फिरू शकावीत म्हणून मध्ये दात्यांची चार छोटी चाकं एका डबीत बसवलेली असतात. त्या डबीत तेल भरायचं. तेल पातळ असेल तर मागची चाकं एकमेकांना लगेच मोकळं सोडतात आणि गाडी बोट हलेल तशी वळते. तेल घट्ट असेल तर ती एकमेकांना धरून राहतात आणि गाडी जरा हट्टी होते. सांगितलेलं लगेच ऐकत नाही. जिंकायला निघालेला माणूस पातळ तेल घेतो. ह्यांना हट्टी गाडी हवी होती. अंगठ्याची प्रत्येक गोष्ट न ऐकणारी.

गाडीबरोबर दोन इवल्या बाटल्या आल्या होत्या, एक पातळ तेलाची, एक घट्ट. सिलिकॉनचं तेल, पाण्यासारखं स्वच्छ. घट्ट बाटली आम्ही कधी उघडली नव्हती. ह्यांनी आधी ते तेल मोजायचं ठरवलं. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना एक प्रयोग असतो. उंच काचेच्या नळीत एरंडेल भरायचं, वरून लोखंडी छर्रा सोडायचा आणि दोन खुणांमधलं अंतर तो किती वेळात कापतो ते मोजायचं. तेल जितकं घट्ट तितका छर्रा सावकाश. ह्यांनी वीस वर्षं तो प्रयोग मांडून दिला होता. आता घरी एका परीक्षानळीला दोन ठिकाणी दोरा बांधला आणि सायकलच्या बेअरिंगमधला सगळ्यात बारीक छर्रा घेतला. स्टॉपवॉच माझ्याकडे दिलं. ह्यांच्या अंगठ्याने ते कधी दोनदा दाबलं जाई.

घट्ट सिलिकॉन तेलातून छर्रा सकाळी तीस सेकंदांत उतरला. दुपारी उन्हात नळी ठेवून पुन्हा मोजलं, बावीस. मी वहीत लिहिलं. तेल डबीत भरलं. त्या रविवारी भट्टीवर गाडी सरळ गेली. थोडी जड, वळणाला उशीर करणारी, पण शेपटी हलली नाही.

काटोलवाले पाहत होते. म्हणाले, "काय खाऊ घातलं गा भाऊ हिले? म्हातारी झाल्यासारखी चालून राहिली."

"मले म्हातारीच पाहिजे होती," हे म्हणाले.

काटोलवाल्यांनी ह्यांच्या हाताकडे पाहिलं असावं. जाताना ते माझ्या पुस्तकावर दोन संत्री ठेवून गेले.

अडचण पुढे आली. डबीच्या झाकणाखाली कागदाची चकती असते, तिच्यातून तेल झिरपू लागलं. दर आठवड्याला थोडं वरून भरावं लागे. ह्यांनी ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या नव्या चकत्या कापल्या, म्हणजे आखल्या ह्यांनी आणि कापल्या मी, आणि झिरपणं थांबलं. पण तोवर संक्रांत आली होती आणि बाटली रिकामी झाली होती. मामेभावाची बोट मे महिन्याशिवाय मुंबईला लागणार नव्हती. शर्यतीला दीड महिना उरला होता.

मग इथे मिळणाऱ्या तेलांचा शोध सुरू झाला. मिस्त्रींनी तेलाचे दोन डबे दिले. "ये नब्बे नंबर, ये एक सौ चालीस. ट्रक के डिफ्रेंशल में यही जाता है. ट्रक को चलता है तो इसको काहे नहीं चलेगा?" नव्वद नंबरमधून छर्रा दोन म्हणेपर्यंत तळाशी गेला. एकशे चाळीस सकाळी सहाला गार अंगणात मोजलं तेव्हा वीस सेकंद आले आणि ह्यांचा चेहरा उजळला. दुपारी मोजलं तर पाच. नागपूरचा जानेवारीसुद्धा सकाळी वेगळा असतो आणि दुपारी वेगळा. शर्यत तर फेब्रुवारीच्या शेवटाला, साडेअकरा वाजता. एरंडेलाचे चारच सेकंद आले. ग्रीस भरून पाहिलं. पहिल्या दोन फेऱ्या गाडी छान गेली, मग आतल्या चाकांनी ग्रीस बाजूला सारून आपल्यापुरती पोकळी करून घेतली आणि ती पुन्हा थरथरू लागली.

काटोलवाल्यांनी संत्र्याचा मुरंबा सुचवला. "तार पाहिजे ना तुम्हाले? आमच्या घरच्या मुरंब्याले तार येते. अन् मुंग्या लागल्या तर गाडी आपोआप पळते."

हे हसले. घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. स्कूटर अजून हेच चालवत.

जानेवारीच्या शेवटी नणंदबाई उमरेडहून आल्या. ह्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या. ह्यांचं घर मूळचं विणकरांचं. वडील हातमागावर बसत, आणि सुताला लावायची खळ शिजवायचं काम नणंदबाईंकडे होतं. त्या दरवर्षी संक्रांतीच्या मागेपुढे येत आणि घाण्यावरचं जवसाचं तेल आणत. आमच्याकडे भाकरीबरोबर, चटणीवर ते तेल लागतंच. त्यांना ह्यांच्या आजाराचं सांगितलं होतं. त्या आल्या, हात पाहिला, पाणी प्यायल्या आणि टेबलावरच्या नळ्या पाहून म्हणाल्या, "काय करून राहिला गा तू हे? डॉक्टर झाला का?"

"तेल पाहून राहिलो, बाई."

"तेल का असं पाहतात? बाबा खळ पाहत तसं पाह्य ना. बोटावर घे, अंगठ्यानं दाब, अन् सोड. तार किती लांब येते ते पाह्य. आखूड तुटली त पातळ, लांब आली त घट्ट. घड्याळ काहून लागते त्याले?"

"अंगठा हलते माहा. तार कुठून येईल?"

 नणंदबाई आपल्या पिशवीतून तेलाची बाटली काढत म्हणाल्या, "मंग तुह्या बायकोचा अंगठा घे. नुसती पुस्तकंच वाचते ना दिवसभर."

मी हसले. त्या अशाच बोलत. जेवताना त्यांनीच सांगितलं की जवसाचं तेल आटवलं की घट्ट होतं. बैलगाडीच्या आसाला त्यांच्याकडे कधीकाळी आटवलेलं तेल लावत. ह्यांनी घास तसाच ठेवला. "किती घट्ट होते?"

"आटवशील तेवढं."

म्हणजे हवं तेवढं. असं तेल ह्यांना गेले पंधरा दिवस मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात शेगडीवर लोखंडी कढईत तेल चढलं. वास असा सुटला की शेजारच्या बाईंनी भिंतीवरून विचारलं, कोणाचं काही जळलं का. नणंदबाई शेगडीजवळ पाटावर बसून होत्या आणि तेल ढवळत होत्या, ह्यांना जवळ येऊ देत नव्हत्या. तीन तास लागले. थंड झालेलं तेल मधाच्या रंगाचं होतं. छर्रा सोडला. सकाळी एकोणतीस, दुपारी एकवीस. मी वहीत आकडे लिहिले आणि त्यांच्याखाली रेघ ओढली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते तेल डबीत भरलं. छोटे स्क्रू आता मीच काढत आणि लावत असे. ह्यांनी सांगायचं, "तिसरा दात वर ठेव," आणि मी ठेवायचा. रविवारी भट्टीवर गाडी जशी हवी तशी गेली. ह्यांनी सलग पाच मिनिटं चालवली. मी पुस्तकावरून घड्याळाकडे आणि घड्याळावरून गाडीकडे पाहत होते. काटोलवाले म्हणाले, "वहिनी, आज पान उलटलं नाही तुम्ही."

विणकरांच्या घरात एक शिस्त असते, मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा नीट बसला की विणून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ह्यांनी तीच गाडीला लावली. जमलंय, आता शर्यतीपर्यंत डबी उघडायची नाही. पुढच्या रविवारी कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं, आम्ही भट्टीवर गेलोच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ह्यांना ताप होता. गाडी कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती. ऊन वाढत होतं, कपाट पश्चिमेच्या भिंतीला होतं.

शर्यतीच्या दिवशी दहा वाजता आम्ही पोचलो. हे सरावाची एक फेरी मारायला उभे राहिले. गाडी सुटली, पहिल्या वळणापर्यंत गेली आणि वळलीच नाही. सरळ जाऊन विटांवर आदळली. मी उचलून आणली. हे म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच.

"भाऊ," काटोलवाले म्हणाले, "हे तर नांगराच्या बैलावाणी सरळच जाऊन राहिली."

ह्यांनी गाडी उलटी धरली आणि मागचं एक चाक हाताने फिरवलं. दुसरं उलट फिरायला हवं होतं. दोन्ही एकत्र फिरली, एकाच दांड्याला ठोकल्यासारखी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रूड्रायव्हर काढला.

झाकण उघडलं तेव्हा आत तेल नव्हतं. तपकिरी, रबरासारखा गोळा होता. डिंक वाळावा तसा. चारही चाकं त्यात रुतली होती. मी तो नखाने ओढला आणि मला आमच्या स्वयंपाकघरातली जवसाच्या तेलाची बाटली आठवली. तिच्या तोंडाशी, बुचाभोवती, असाच थर जमतो. दर आठवड्याला मी तो राखेने घासून काढते. लग्न झाल्यापासून काढते आहे.

"हे मी रोज पाहते," मी म्हटलं. "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

हे विटांवर बसले होते. म्हणाले, "आमच्या घरच्या दारांना आई दरवर्षी हेच तेल लावायची. सुकतं म्हणूनच लावायची." आणि ते हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवत. "मी छर्रा सोडून मोजलं. त्याच दिवशी मोजलं. तीन आठवड्यांनी काय होईल, ते आईला माहीत होतं."

पुढे मी ग्रंथालयात शोधलं. रंगकामावरच्या एका पुस्तकात हे सगळं लिहिलेलं होतं. जवसाचं तेल हवेने वाळतं, आटवलं की आणखी लवकर, उष्णतेने त्याहून लवकर. त्या पुस्तकाची नोंद माझ्याच अक्षरात होती.

पण त्या वेळी साडेदहा वाजले होते आणि शर्यत साडेअकराला होती. मिस्त्रींनी दुकानातून रॉकेलचा डबा आणला. मी जीपच्या मागच्या फळीवर वर्तमानपत्र पसरून चाकं एकेक करून धुतली. दातांमधला डिंक काढायला मिस्त्रींनी सायकलच्या स्पोकचा तुकडा घासून दिला. ह्या सगळ्यात अर्धा तास गेला. हे शेजारी उभे होते. ह्यांनी एकदाही हात पुढे केला नाही. त्या दोन बोटांच्या कामात आपला हात म्हणजे अडथळा, हे ह्यांनी मान्य केलेलं होतं. मला ते पाहवत नव्हतं, म्हणून मी चाकांकडेच पाहत राहिले.

धुऊन झालं, पण भरायचं काय? काटोलवाल्यांनी आपली पातळ तेलाची बाटली पुढे केली. ती भरली असती तर गाडी नोव्हेंबरमधल्यासारखी थरथरली असती. मिस्त्रींकडे एकशे चाळीस नंबर होतं. साडेअकराच्या उन्हात त्याचे पाच सेकंद, वहीत लिहिलेले. आणि ग्रीस होतं, जे पोकळी करून बाजूला होतं.

काटोलवाले म्हणाले, "वहिनी, डबा तुम्हीच घ्या हातात. मी पंचांले सांगतो."

"पंच तुम्हीच आहात," मी म्हटलं.

"म्हणूनच तर सांगतो."

ह्यांनी नाही म्हटलं, मान हलवून. मग मला म्हणाले, "दोन्ही मिसळू. तेलात ग्रीस. थोडं थोडं."

मिस्त्रींच्या चहाच्या बशीत मी तेल घेतलं, त्यात करंगळीच्या नखाएवढं ग्रीस टाकलं आणि काडीने घोटत बसले. गुठळ्या मोडायला वेळ लागतो. छर्रा नव्हता, नळी नव्हती. हे म्हणाले, "बोटावर घे. अंगठ्यानं दाब. आता सोड."

मी सोडलं. तार आली आणि लगेच तुटली.

"आखूड आहे. अजून टाक."

पुन्हा घोटलं. पुन्हा अंगठा. ह्यांनी वाकून, चष्मा वर करून पाहिलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं आणि ती तार बारीक होत जाताना चमकत होती.

"अजून?"

"अगदी थोडं."

तिसऱ्यांदा तार बोटभर लांब झाली, मध्ये बारीक झाली, थांबली आणि मग तुटली.  हे म्हणाले, "बाबांनी ही खळ घेतली असती." मी ती डबीत भरली, चकती बसवली आणि स्क्रू आवळले.

अकरा पस्तीसला शर्यत सुटली. सहा गाड्या. मी ढिगावर गेले नाही, ह्यांच्या मागे दोन पावलांवर उभी राहिले, मिस्त्रींनी दिलेलं घड्याळ घेऊन. पहिली दोन मिनिटं गाडी शांत गेली. बाकीच्या पुढे निघून गेल्या, परत मागून आल्या आणि पुन्हा पुढे गेल्या. हे कोणाकडे पाहत नव्हते. वळणाच्या फार आधी काडी वळवायचे आणि गाडी आपल्या वेळेने वळायची. अंगठा हलत होता. गाडीला तो कळत नव्हता.

तिसऱ्या मिनिटाला मला फरक दिसला. आत चाकं फिरून फिरून तेल तापत होतं, वरून ऊन होतं. गाडीची शेपटी किंचित हलली. ह्यांना माझ्या आधी कळलं असणार. ह्यांनी वेग कमी केला. चौथ्या मिनिटाला ती चांगलीच थरथरत होती आणि चढाच्या पलीकडे उलटली. मिस्त्रींनी धावत जाऊन सरळ केली. "चलो, चलो." हे सावकाश निघाले. आता गाडी माणसाच्या चालीने जात होती. इतर गाड्या बाजूने माती उडवत गेल्या. एक मध्येच आस तुटून थांबली. ह्यांच्या मानेवरून घाम वाहत होता आणि दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट दाबलेली होती, हात स्थिर राहावेत म्हणून. मला वाटलं, आता डबा खाली जाईल. मी एक पाऊल पुढे गेले. ह्यांनी मागे न पाहता म्हटलं, "किती?"

"चाळीस सेकंद राहिले."

मग मी दर दहा सेकंदांनी सांगत राहिले. ह्यांनी आणखी एक वळण घेतलं, मग आणखी एक. काटोलवाल्यांनी एका हातात आपला डबा धरून शिट्टी वाजवली तेव्हा ह्यांची गाडी सरळ रस्त्यावर होती आणि चालत होती.

काटोलवाले पहिले आले होते. ते ह्यांच्याजवळ आले, म्हणाले, "पाचवे आले तुम्ही, भाऊ. सहावी त मेली रस्त्यात, म्हणून."

"पाच मिनिटं झाली ना?"

"झाली. वरून आठ-दहा सेकंद गेले, शिट्टी सापडत नव्हती मले."

"मग ठीक आहे," हे म्हणाले आणि डबा विटांवर ठेवला. ठेवताना तो विटेवर दोनतीनदा खडखडला. कोणी तिकडे पाहिलं नाही. काटोलवाले संत्री सोलत बसले आणि सगळ्यांना वाटत राहिले.

घरी जाताना उमरेड रोडवर ह्यांनी स्कूटर थांबवली. उतरले आणि म्हणाले, "आजपासून तू चालव." मला स्कूटर येत नव्हती. आम्ही ती ढकलत मिस्त्रींच्या दुकानापर्यंत परत नेली, तिथे ठेवली आणि रिक्षा केली. रिक्षात हे म्हणाले की गाडीचंही तसंच, पुढच्या रविवारपासून डबा माझ्याकडे. आवाजात दुःख नव्हतं. एखादं पुस्तक वाचून झालं की परत करतात, तसं.

मे महिन्यात मामेभावाने घट्ट सिलिकॉन तेलाच्या चार बाटल्या आणल्या. त्या मी वापरल्या. दोन हिवाळे मी भट्टीवर गाडी चालवली, हे ढिगावर बसून कुठे वळायचं ते सांगत. मी नेहमी शेवटची येत असे. काटोलवाले म्हणत, "वहिनी, वाचता वाचता चालवता का?" तिसऱ्या हिवाळ्यात ह्यांना इतका वेळ बसवेना आणि आम्ही जाणं थांबवलं. त्यानंतर हे बरीच वर्षं होते. हळूहळू चमचा, पेन, शर्टाची बटणं असं एकेक माझ्याकडे आलं. कशाबद्दलही ह्यांनी तक्रार केली नाही. मात्र त्या पाच मिनिटांबद्दल कोणी विचारलं तर हे नेमकं सांगत की शेवटचे आठ-दहा सेकंद जास्तीचे होते.

गेल्या मार्चमध्ये हे गेले. घरात, सकाळी, मी शेजारी होते.

वीटभट्टीच्या जागेवर आता घरं आहेत. त्या आठांपैकी दोघे नागपुरात असतात. डिफरन्शियल कसं उघडायचं, धुवायचं आणि भरायचं, ते मला अजून येतं.